ऑकलंडहून ओतूर किती लांब

आमच्या उल्हासची एक खोड मला कधी आवडली नाही. त्याला काही विचारलं की तो हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही, आकडा सांगायचा. लहानपणी जेवायला बस म्हटलं तर म्हणायचा, सात गणितं राहिलीत. मुलगी पसंत आहे का विचारलं तर तिचे मार्क सांगितले. आणि त्या सोमवारी सकाळी, ओतूरहून आलेला लेकीचा, शकूचा फोन ठेवून मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, मला आजच्या आज घरी पाठव, तर हा पठ्ठ्या खुर्ची गर्रकन फिरवून कॉम्प्युटरकडं तोंड करून बसला.

“थांब, बघतो,” म्हणाला.

बघायचं काय त्यात? बाप दवाखान्यात पडलेला. आदल्या दिवशी बाजाराच्या पेट्या भरता भरता हे ओट्यावरच कलंडले होते. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. नारायणगावच्या डॉक्टरनं शकूला सांगितलं होतं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. डॉक्टर असं कधी म्हणतात ते कळायला शाळा लागत नाही. माझी तर तिसरीतच सुटली.

उल्हासनं पडद्यावर नकाशा आणला. एक ठिपका खाली कोपऱ्यात, एक ठिपका वर डावीकडं, मध्ये वाकडी रेघ.

“हे ऑकलंड, आई. ही मुंबई. बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. सरळ विमान नाही. सिंगापूरला उतरायचं, तिथं थांबायचं, दुसरं धरायचं. आज तिकीट शोधलं तरी तुला पोचायला गुरुवार उजाडेल. तिथून पुढं ओतूर.”

“उजाडू दे.”

“अगं, पण तोवर आण्णा बरे होऊन घरी आलेले असतील. नाहीतर...”

“नाहीतर काय?”

त्यानं नकाशा लहान केला. मग मोठा केला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी मी एकटी तिकडं गेले तेव्हा मुंबईहून सोमवारी रात्री निघाले ती थेट बुधवारी दुपारी ऑकलंडला टेकले. मधला मंगळवार सगळा सिंगापुरात गेला. इंग्रजी येत नाही म्हणून उल्हासनं मला चाकाची खुर्ची लावून दिली होती. गावोगावचे म्हातारे असेच जातात, पाय धड असून पांगळे होऊन. म्हणजे चुकायची भीती नाही, एक पोरगी ढकलत एका दारातून दुसऱ्या दाराला नेते. तिनं मला एका खांबाशी नेऊन ठेवलं आणि गेली. आयुष्यभर आठवड्याचे पाच बाजार पायी केलेली बाई मी, दिवसभर त्या खांबाशी लंगडीसारखी बसून होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की ऑकलंड म्हणजे दोन दिवसांची वाट.

मृणाल, माझी सून, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठवा लागला होता. मोठ्या पगाराची पोरगी, एरवी माझ्याशी बोलायची तीसुद्धा साहेबानं कारकुनाशी बोलावं तशी, मोजकं आणि गोड. पण त्या दिवशी पोटावर हात धरून म्हणाली, “आई, तुम्ही गेलात तर माझं इथं कोण आहे?”

खरंच कुणी नव्हतं. तिची आई लग्नाआधीच गेलेली. आणि येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. हॉल घेतला होता, ऑकलंडातली सगळी मराठी घरं बोलावली होती. ओटी भरायला मी, चुडा भरायला मी, गाणी म्हणायला मी. मी तर ओतूरहून येताना कापसात गुंडाळून हिरव्या बांगड्यांची पेटीच आणली होती. आम्ही जातीचे कासार. परक्या पुरुषानं बाईचा हात धरायचा नसतो, पण कासाराला तो मान. म्हणून सगळा जुन्नर तालुका ह्यांना मामा म्हणायचा आणि मला मामी. एका बाजूनं हे भरायचे, दुसऱ्या बाजूनं मी. ह्यांच्या हातून बांगडी वाढली, म्हणजे फुटली, असं वर्षात एखाद्या वेळी व्हायचं. माझ्या हातून त्याहून जास्त, पण ते मी त्यांना कधी मोजू दिलं नाही.

“रविवार होऊ दे,” उल्हास म्हणाला. “सोमवारी मी स्वतः तुला विमानात बसवतो. तोवर आण्णांना तिकडं आराम पडेल.”

मी बसले खाली. दुसरं काय करणार होते? बारा हजार किलोमीटर काही पायांनी तुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उल्हासनं फोन लावून दिला. तिकडं तेव्हा फोन करायचा म्हणजे एक कार्ड खरवडायचं, त्यावरचे आकडे दाबायचे, मग एक बाई इंग्रजीत काहीतरी विचारायची, मग पुन्हा आकडे. मी दोनदा करून बघितलं होतं. माझं बोट पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत ती बाई रागावून फोन ठेवायची. म्हणून फोन उल्हासच्याच हातात.

शकूनं तिकडून फोन ह्यांच्या कानाला लावला. मी म्हटलं, मी बोलतेय, ऐकताय का. पलीकडून घशातला आवाज आला. चाळीस वर्षांत मी ह्या माणसाचे सगळे आवाज ऐकले होते, हा नव्हता ऐकला. शकू मध्ये बोलली, “ते विचारतायत कुठवर आलीस.”

“येते म्हणावं,” मी म्हटलं. “थांबा म्हणावं. निघतेच आहे.”

मग उल्हासनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बोलत बोलत बाहेर गेला, गाडीपाशी. काचेतून मला तो दिसत होता. बुटाच्या टोकानं गवत उकरत बराच वेळ बोलला. आत येऊन म्हणाला, “शकूला सगळं समजावलंय. आता रोज रोज फोन नको करूया, तिला दर वेळी दवाखान्यातला फोन मागून घ्यावा लागतो. मीच ऑफिसातून विचारत जाईन.”

बुधवारी त्यानं सांगितलं, तसेच आहेत. गुरुवारी सांगितलं, तसेच आहेत, थोडं पाणी घेतलं. शुक्रवारी तो लवकर घरी आला, पण आत आला नाही. गाडी दारात लावून आतच बसून राहिला. मी खिडकी वाजवली तेव्हा उतरला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, तसेच आहेत. मी म्हटलं हातपाय धू, गरम पोळ्या लाटते. तो जेवायला बसला. मटकीची उसळ होती. दोन पोळ्या मागून घेतल्या. ते माझ्या आजही लक्षात आहे, कारण मला बरं वाटलं होतं की पोरगा चार दिवसांनी पोटभर जेवला.

रविवारचं काय सांगू. अशी हौस मी ओतुरातही पाहिली नाही. हॉलमध्ये फुलांचा झोपाळा, मृणालला फुलांचे दागिने, मुंबई-पुण्याच्या पोरी नऊवारी नेसून आलेल्या. नेसल्या म्हणायच्या आपल्या, अर्ध्या जणींची साडी पिनांवर उभी होती. एका पोरीनं मला विचारलं, आंटी, ओटीत नारळ का असतो? मी म्हटलं, तुझ्या सासूला विचार, तिनं सांगितलं नसेल तर तुझी ओटी कुणी भरली ते तरी विचार. सगळ्या हसल्या. मृणालही हसली. तिला ह्या गोष्टींचं काही नव्हतं. आदल्या दिवशीच मला म्हणाली होती, “हे सगळं तुमच्या आनंदासाठी हं आई, माझा काही विश्वास नाही.”

मी पेटी उघडली. तिचा हात मांडीवर घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि हिरवा चुडा भरायला घेतला. तिच्या हाताला सूज होती, तरी एकही बांगडी वाढू दिली नाही. बायका खुर्च्या पुढं ओढून बघत होत्या. मग गहू, नारळ, खण घेऊन तिची ओटी भरली. जिचं कुंकू शाबूत तिनंच भरायची ती ओटी, आणि त्या हॉलात माझ्याएवढी जुनी सवाष्ण दुसरी नव्हती. मला त्याचा माज होता. का नसावा?

मग कुणीतरी म्हणालं, सासूबाईंनी नाव घ्यायलाच हवं. मी फार आढेवेढे घेतले नाहीत. एरवी नवऱ्याचं नाव तोंडावर आणायचं नाही, पण उखाण्यात चालतं. तिथंच जुळवून म्हटलं:

“समुद्र ओलांडून आले, संगे चुड्यांची पेटी,
रंगनाथरावांचं नाव घेते, भरते सुनेची ओटी.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. उल्हास पलीकडं पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. त्यानं ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर निघून गेला. कुणी विचारलं तर मीच सांगितलं, आईचा उखाणा ऐकून लाजला.

नंतर तो आत आला आणि त्यानं माझ्या तोंडात पेढा घातला. सगळ्यांनी फोटो काढला.

सोमवारी मी बॅग भरून बसले. उल्हास म्हणाला, ह्या आठवड्यात विमानं भरलेली आहेत, शनिवारचं बघतो. आण्णा? तसेच आहेत.

बुधवारी दुपारी हंसाबेन आली. मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, दूध-पाव-पेपरचं. नवसारीची बाई, माझ्याच वयाची, तीस वर्षं तिकडं राहिलेली. ती हिंदीत गुजराती मिसळायची, मी हिंदीत मराठी, आणि आमचं झक्क जमायचं. डोहाळजेवणात तिनं माझं काम बघितलं होतं, म्हणून तिलाही माझ्या हातून बांगड्या भरून हव्या होत्या. घरी कुणी नव्हतं. मी तिला खाली चटईवर बसवलं.

बांगडी चढवता चढवता ती म्हणाली, “बेन, तुमचा जीव दगडाचा. तुमच्या घरवाल्याला बरं नाही असं ऐकलं, आणि तुम्ही इथं गाणी म्हणता. मी असते तर धावत सुटले असते.”

मी म्हटलं, धावायला वाट किती आहे ते तरी बघ. जाईपर्यंत तीन दिवस मोडतात.

ती हसायलाच लागली. कुणी सांगितलं, म्हणाली. माझी बा गेली तेव्हा सकाळी फोन आला. दुकान पोरावर टाकलं, इथं दुपारची खिचडी खाल्ली, विमानात बसले, सिंगापुरात जरा पाय मोकळे केले आणि त्याच रात्री बाराच्या सुमाराला मुंबईत उतरले. त्याच तारखेला. सकाळी नवसारीत बाचं तोंड बघितलं. “इकडं येताना विमान दिवस खातं, बेन. जाताना खाल्लेला परत देतं. सूर्याच्या मागं मागं जातं ना ते.”

“आणि सिंगापुरात दिवसभर बसायचं असतं ते?”

“ते तुमच्या मुलानं तसं तिकीट काढलं म्हणून. तासाभरात लागून असलेलंही विमान मिळतं.”

तिचा हात माझ्या हातात होता आणि बांगडी तिच्या अंगठ्याच्या हाडावर अडकलेली. मी मनात वाट चालून बघितली. सोमवारी दुपारी इथून. सोमवारी रात्री मुंबई. मंगळवारी उजाडता नारायणगाव. आणि मंगळवारीच तर त्यांनी फोनवर विचारलं होतं, कुठवर आलीस.

माझ्या हातात ती बांगडी वाढली. हंसाबेनच्या अंगठ्याला काच लागली. मी तिचं रक्त पदरानं टिपलं आणि म्हटलं, मला फोन लावून दे. ओतूरला.

शकूनंच उचलला. माझा आवाज तिनं लगेच ओळखला. मग म्हणाली, “आता आठवण झाली होय? उरकलं का डोहाळजेवण?”

मी म्हटलं, त्यांना फोन दे.

“कुणाला?”

“तुझ्या बापाला. कसे आहेत ते?”

पलीकडं तिनं श्वास आत घेतला तो मला इतक्या लांबून ऐकू आला. “आई,” ती म्हणाली, “आण्णा शुक्रवारी पहाटे गेले. दादानं तुला सांगितलं नाही?”

मी विचारलं, अग्नी कुणी दिला. म्हणाली, आमच्या ह्यांनी. जावयानं. मी विचारलं, मला का नाही कळवलं. तेव्हा ती चिडली, आणि तिचं चिडणं बरोबरच होतं.

“कळवायचं काय? तूच येत नाही म्हणालीस. मंगळवारी दादानं सांगितलं, ते निघते म्हणणं आण्णांच्या समाधानासाठी, आईच म्हणते, सुनेचं उरकून मग येते. शुक्रवारी कळवलं तर म्हणाला, आईला सांगतो, पण ती रविवार झाल्याशिवाय निघायची नाही. सगळी आळी मला विचारते, मामी का नाही आली. काय सांगू मी? पेढे वाटतेय म्हणून सांगू?”

“त्यांना काय सांगितलंस?”

“आण्णांना? तू विमानात बसलीस असं सांगितलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. डाव्या हातानं खूण करून विचारायचे, कुठवर. मी म्हणायची, आलीच. गुरुवारी त्यांनी विचारायचं सोडलं.”

मी फोन ठेवला. हंसाबेनला शब्द कळले नव्हते, पण ती रडायला लागली होती. मी तिच्या हातातली शेवटची बांगडी सारखी केली आणि तिला म्हटलं, रडायचं तर घरी जाऊन रड, इथं माझं मला बघू दे.

ती गेल्यावर मी न्हाणीत गेले. कुंकू धुतलं. मंगळसूत्र काढून बॅगेत ठेवलं. गावाकडं बांगड्या दगडावर आपटून फोडतात, पण मी तसं केलं नाही. ज्या घरानं काचेवर पोट भरलं त्या घरची बाई काच फोडत नसते. बोटं दाबून, एकेक करून उतरवल्या. पाच दिवस उशिरा का होईना, माझ्या नवऱ्यामागचं मला जे करायचं होतं ते केलं.

संध्याकाळी मृणाल आधी आली. पर्स टेबलावर ठेवता ठेवता तिचं लक्ष माझ्या कपाळाकडं गेलं.

“आई? काय झालं?”

“आण्णा गेले तुझे.”

ती माझ्याजवळ धावत आली, तिनं माझे दोन्ही मोकळे हात धरले. तिला माहीत नव्हतं. ते मला तिच्या तोंडावरून कळलं, ती पोरगी खोटं रडणारी नव्हती. “कधी?” तिनं विचारलं.

“शुक्रवारी.”

ती “अरे देवा” म्हणाली. शुक्रवार आणि रविवार ह्यांचं गणित तिच्या डोळ्यांत होताना मी बघितलं. तिनं माझे हात सोडले. आधी सोडले, मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. हिरव्यागार चुड्यानं भरलेले होते ते, मी भरलेले.

ती उठली आणि भांडी घासायच्या नळापाशी गेली. साबणाचं पाणी मनगटावर ओतलं आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. हात सुजलेले, निघत नव्हत्या. दात आवळून ओढत होती. हाडाला लागलं तरी थांबली नाही. काढलेली प्रत्येक बांगडी खिडकीत ठेवत गेली, माझ्याकडं पाठ करून. विश्वास नसलेली सून. आयुष्यात मी हजारो बायकांना चुडा भरला असेल. माझ्या हातचा चुडा माझ्यासमोर कुणी असा उतरवला नव्हता.

“सॉरी आई,” शेवटची काढल्यावर ती म्हणाली. “माझं काही नाही, पण बाळाचा प्रश्न आहे.”

खिडकीतल्या बांगड्या गोळा केल्या, फडक्यात बांधल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. एका विधवेनं भरलेल्या बांगड्या त्या. मीही तिच्या जागी असते तर उतरवल्याच असत्या.

उल्हास आला तेव्हा आम्ही दोघी दोन खोल्यांत होतो. त्यानं मला बघितलं आणि दारातच बूट न काढता उभा राहिला. मग बोलायला लागला आणि थांबेचना. डॉक्टर म्हणाले होते वाचायची आशा दहा टक्केसुद्धा नाही. तू जाऊन काय केलं असतंस, ते धड बोलूही शकत नव्हते. मृणालला रक्तदाब होता, डॉक्टरनं सांगितलं होतं तिला धक्का बसता कामा नये. पासष्ट माणसांना आमंत्रण होतं. तू गेली असतीस तर परत आली नसतीस, मग बाळंतपण कोण करणार. एक माणूस जाणार होतं, एक येणार होतं, मला दोघांतलं एक धरायचं होतं.

“आणि शकूला सांगितलंस ते?” मी विचारलं. “मीच येत नाही म्हणाले, ते?”

त्याच्याकडं त्याचा आकडा नव्हता. “तिला काहीतरी सांगायला हवं होतं,” म्हणाला. “मी पाठवत नाही असं कसं सांगणार?”

मी म्हटलं, उद्या दुपारचं विमान बघ, रात्री मुंबईत उतरणारं. तो कॉम्प्युटरपुढं बसला. जागा होती. विमानं भरलेली नव्हती आणि मला वाटतं, सोमवारीही नसणार.

गुरुवारी दुपारी त्यानं मला विमानतळावर आणलं. मृणाल आली नाही, तिला बरं वाटत नव्हतं. जाताना तिनं लांबूनच नमस्कार केला. आत बॅग देऊन झाली, पास हातात आला, तिथून पुढं त्याला यायची परवानगी नव्हती. माणसं चहूकडून आपापल्या पोराबाळांच्या गळ्यात पडत होती. मला वाटलं, आता हा वाकेल. वाकला असता तर मी काय केलं असतं ते मला आज, इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. बापाच्या नावानं एकदा तोंड फोडून रडला असता तरी कदाचित मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता. आई आहे मी, आईचा हात हलकाच असतो.

तो वाकला नाही. इकडं तिकडं बघून, कुणी मराठी नाही ना याची खात्री करून म्हणाला, “आई, तिथं लोकांना काय सांगणार आहेस?”

“कशाचं?”

“म्हणजे... मी शकूला म्हणालो होतो ते. तेवढं राहू दे ना तसंच. तू तिथंच राहणार, सगळी आळी तुला मामी मामी म्हणते, तुझं चार दिवसांत विसरतील. मला पुढंमागं जमिनीसाठी, घरासाठी यावं लागेल. मग मला कुणी तोंड दाखवू देणार नाही. तू म्हण की हो, सुनेसाठी थांबले. त्यात वाईट काय आहे? चांगलंच वाटेल ऐकायला.”

मी त्याच्याकडं नीट बघून घेतलं. नाक ह्यांचं होतं, कपाळही ह्यांचंच होतं. भोवतालची माणसं थांबली तर थांबू देत, म्हणून आवाज खाली केला नाही.

“उल्हास, तू मला कोंडून ठेवलंस ते बायकापोरासाठी, एवढं मी गिळलं असतं. नवरा मेलेला असताना चार बायकांत मला नटवून बसवलंस, माझ्या तोंडात पेढा घातलास, तेही एखाद दिवशी गिळलं असतं. पण तुझा बाप वाट बघत मेला आणि मी येत नाही म्हणाले असं तू गावाला सांगितलंस, आणि आता तेच मला माझ्या तोंडानं सांगायला सांगतोस. ऐक. तुझ्या बापाचं सुतक तू मला धरू दिलं नाहीस, ते मी जाऊन धरीन आणि तेराव्याला ते फिटेल. तुझं मी इथूनच धरून निघालेय. ते फिटायचं नाही.”